गोवर्धनाचा युक्तिवाद

भागवताच्या दशम स्कंधात गोवर्धन उचलण्याचा चमत्कार पंचविसाव्या अध्यायात येतो. त्याच्या आधीच्या अध्यायात एक वाद आहे. करंगळीच्या अप्रूपापुढे बहुतेक कीर्तनांत तो दोन वाक्यांत उरकतो. नंदाच्या घरी इंद्रयागाची तयारी चालली आहे. त्याचा मुलगा कृष्ण विचारतो, हे कशासाठी? नंद सांगतो, पाऊस इंद्राचा, पावसावर धान्य, धान्यावर आपण. वाडवडिलांपासून हे चालत आलं आहे. मुलाचं उत्तर धीट आहे. जो तो आपल्या कर्माने जन्मतो आणि मरतो, त्यात इंद्राचं काय? ढग आपल्या स्वभावाने बरसतात. आपण गावं-नगरं बाळगणारे लोक नाही, रानात-डोंगरात राहणारे आहोत, आपली उपजीविका गायींवर. तेव्हा जमवलेल्या सामानातून गायींना चारा घाला आणि पूजा या डोंगराची करा.

नंद मानतो. इंद्र चिडतो, सात दिवस पाऊस कोसळतो आणि सगळं गोकुळ त्याच डोंगराच्या आसऱ्याला जातं. पाऊस तोच, डोंगर मधे नसता तर त्याने गाव धुऊन नेलं असतं.

चमत्कार बाजूला ठेवला तरी धर्माचा एक खरा प्रश्न उरतो. घरात दूध येतं तेव्हा माणूस देणं कुणाचं लागतो? पाऊस पाडणाऱ्याचं, दूध देणाऱ्या जनावराचं, की पावसाचं गवत आणि गवताचं दूध होऊ देणाऱ्या जमिनीचं? महाराष्ट्राने व्यवहारात दुसरं उत्तर निवडलं आहे. वसुबारसेला सवत्स धेनू पूजली जाते, पोळ्याला बैलाला झूल चढते. डोंगराच्या वाट्याला फारसं काही येत नाही. विदर्भात गोवारी समाज गायगोधन पूजतो, काही घरांत पाडव्याला शेणाचा गोवर्धन मांडतात, एवढंच. आणि ज्या टेकडीच्या गवतावर ती गाय जगली, तिच्यावर मार्च महिन्यात उघडा मुरूम दिसतो.

या मुरुमाची कथा पावसाच्या थेंबापासून सुरू होते. मोठा थेंब जमिनीवर येतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला आठ-नऊ मीटर असतो. उघड्या मातीवर तो आदळला की मातीचे कण सुटतात, छिद्रं बुजतात, वर पापुद्रा धरतो आणि पुढचं पाणी आत न जाता उताराला लागतं. गवताच्या पात्यावर आदळला तर त्याचा जोर तिथेच मोडतो आणि पाणी बुडख्याशी हळू उतरून मुळांच्या वाटेने आत जातं. दख्खनच्या पठारावर मातीचा थर पातळ आणि खाली काळा पाषाण. इथे विहिरीत येणारं पाणी मुरण्यासाठी वर गवत टिकणं भाग आहे. पाऊस पडताच मोकाट जनावरं टेकडीवर सुटली की कोवळा कोंब दोन इंच होण्याआधीच खुडला जातो आणि ओल्या मातीवर खुरांचा दाब पडून ती घट्ट होते. चांगलं गवत आधी जातं, कारण जनावर त्यालाच आधी तोंड लावतं. पवण्या आणि मारवेल मागे हटतात, त्यांच्या जागी कुसळी येते. तिची अणकुचीदार कुसळं गुरांच्या तोंडात रुततात आणि मेंढीच्या लोकरीत अडकतात. मग तीही विरळ होते. पहिल्या पावसात ओढा तांबडा वाहू लागला की पुढचं भाकीत करायला ज्योतिषी लागत नाही.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने ही साखळी उलटी फिरवली. वर्षाला 400 मिलिमीटरच्या आसपास पावसाचं हे गाव 1989 साली पोपटराव पवार सरपंच झाले तेव्हा दुष्काळ, दारू आणि भांडणं यांसाठी ओळखलं जाई. पुढची गोष्ट महाराष्ट्राला पाठ आहे. नसबंदी, नशाबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री, आदर्श गाव योजना, डोंगरावरचे समतल चर, सिंचनासाठी बोअरवेल घेण्यावर बंदी. भाषणांत चर आणि बंधाऱ्यांचं कौतुक जास्त होतं, कारण ते फोटोत दिसतात. पण या लेखाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती चराईबंदी. जनावर डोंगरावर सोडायचं नाही. गवत वाढू द्यायचं, विळ्याने कापायचं आणि घरी आणून घालायचं. गवताचं उत्पादन 2000 साली साधारण 100 टन होतं, ते 2004 मध्ये 6,000 टनांवर गेल्याची नोंद आहे. दूध 1990च्या दशकाच्या मध्याला दिवसाला जेमतेम 150 लिटर निघे, ते पुढे 4,000 लिटरपर्यंत पोचलं. दारिद्र्यरेषेखालची कुटुंबं 1995 मध्ये 168 होती, 2010 मध्ये 3 उरली.

आकड्यांमागचं गणित साधं आहे. दूधधंद्यात खर्चाचे साठ-सत्तर टक्के चारा आणि खाद्यावर जातात. दुधाचा भाव शेतकऱ्याच्या हातात नसतो. तो किती पडू शकतो हे अलीकडेच दिसलं, 2024 साली राज्य सरकारला गायीच्या दुधाला लिटरमागे 5 रुपये अनुदान देऊन सावरासावर करावी लागली. अशा वेळी सरकी पेंड आणि विकतची वैरण यांवर गोठा चालवणारा आधी बुडतो. ज्याच्या गावच्या टेकडीवर विळ्याच्या श्रमात गवत मिळतं, तो तग धरतो. गवत फुलोऱ्यावर येतं तेव्हा त्यातली प्रथिनं आणि वजन यांचा मेळ बसतो. बी झडल्यावर उरते ती काडी. म्हणजे कापणीची तारीख पाळणं हासुद्धा नफ्याचा भाग आहे, आणि बुडखा चार-सहा इंच राखणं हा पुढच्या वर्षीच्या विहिरीचा.

संयमाचं फळ अशा रीतीने पैशातही मोजता येतं. वसुबारसेला अनेक घरांत दूध-तूप वर्ज्य असतं. तो हक्क त्या दिवशी वासराचा. चराईबंदीत हाच भाव चार महिन्यांपर्यंत ताणलेला आहे. व्रताची सगळी लक्षणं तिच्यात आहेत: नियम आहे, मुदत आहे, मोडणाऱ्याला समाजापुढे उत्तर द्यावं लागतं आणि फळ लगेच मिळत नाही. फरक इतकाच की हे व्रत एकट्याने करता येत नाही. शंभरातल्या नव्वदांनी पाळलं आणि दहांनी जनावरं सोडली तर नव्वदांचा संयम त्या दहांच्या गोठ्यात दूध होऊन जमा होतो.

अमेरिकन जीवशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांनी 1968 मध्ये सामायिक कुरणाचं उदाहरण घेऊन नेमका हाच पेच मांडला. प्रत्येक गुराखी एक जनावर वाढवतो, फायदा त्याचा एकट्याचा, झीज सगळ्यांची, म्हणून कुरण संपणारच. उपाय दोन, खासगी मालकी किंवा सरकारी दंडा. एलिनॉर ऑस्ट्रम यांनी जगभरची सामायिक कुरणं, कालवे, मासेमारीच्या जागा तपासून दाखवलं की माणसं तिसरा रस्ताही काढतात, आपसात नियम करून ते पाळतात. त्यांना 2009 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. हार्डिनचा गुराखी कुणाशी बोलतच नाही. गावातली माणसं बोलतात, पारावर वाद घालतात, मयतीला एकमेकांच्या दारी जातात. या ओळखीवरच नियम उभे राहतात.

तरी इथे एक अवघड प्रश्न आहे आणि चराईबंदीच्या कौतुकात तो बहुधा हरवतो. बंदीची किंमत कोण मोजतो? ज्याच्याकडे चार एकर ओलीत आणि दोन संकरित गायी आहेत, त्याला डोंगर बंद झाल्याचा फारसा त्रास नाही; उलट त्याच्या विहिरीला पाणी वाढतं. ज्या बाईकडे जमीन नाही, फक्त पाच शेळ्या आहेत, तिच्यासाठी तो डोंगरच तिचं शेत होता. तो बंद करून पाणी जर फक्त विहीरवाल्यांना मिळणार असेल तर त्या संयमाला धर्म म्हणणं ढोंगीपणाचं आहे. एकाच्या शेळ्यांवर दुसऱ्याचा ऊस उभा राहिला, एवढाच त्याचा अर्थ.

हरियाणातल्या शिवालिकच्या पायथ्याशी असलेल्या सुखोमाजरी या गावात हा प्रश्न समोरासमोर आला. चंडीगडचा सुखना तलाव 1958 साली बांधला आणि पुढच्या पंधरा-सोळा वर्षांत त्याची निम्म्याहून जास्त साठवण गाळाने भरली. गाळाचा माग काढत पी. आर. मिश्रा हे मृदसंधारणाचे शास्त्रज्ञ वरच्या गुज्जर वस्तीत पोचले. तिथल्या शेळ्या आणि गुरं टेकड्या बोडक्या करत होती. शहराला तलाव हवा होता, गावाला पोट भरायचं होतं. मिश्रांनी आधी गावासाठी छोटा मातीचा बंधारा बांधला. एका कोरड्या हंगामात त्या पाण्याने गहू वाचला तेव्हा गावाला बंधाऱ्याची किंमत कळली. बंधारा गाळाने भरू नये म्हणून पाणलोटात चराई थांबवायला लोक तयार झाले. पण ज्यांच्याकडे जमीन नव्हती त्यांचा सवाल बिनतोड होता: पाणी तुमच्या शेताला, चराई आमची बंद, आम्ही का ऐकावं? तोडगा असा निघाला की पाण्यात प्रत्येक कुटुंबाचा सारखा हिस्सा, जमीन असो वा नसो. भूमिहीनाला आपला हिस्सा दुसऱ्याला विकता येई. डोंगरावरचं वैरणीचं आणि भाबर गवत कापण्याचा हक्क गावच्या संस्थेने वनखात्याकडून घेतला. तारेचं कुंपण लागलं नाही. शेळ्या कमी झाल्या, म्हशी वाढल्या, दूध वाढलं आणि त्या बाजूने तलावात येणारा गाळ घटला.

महाराष्ट्रात याच सुमारास, 1972च्या दुष्काळानंतर, विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात नायगावला पाणी पंचायत उभी केली. तिचं तत्त्वही हेच होतं. पाणी जमिनीच्या प्रमाणात न वाटता माणशी वाटायचं, भूमिहीनालाही त्यात वाटा, आणि उसाला बंदी. धर्मचर्चेत न्याय हा शब्द ऐसपैस वापरला जातो. इथे तो दरमाणशी अर्ध्या एकराच्या ओलिताइतका मोजून दिलेला होता.

कळपाच्या माणसांची बाजू अजून एका कारणाने ऐकली पाहिजे. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल: एक महासमन्वय’ या ग्रंथात पंढरीच्या विठ्ठलाचं मूळ गोपजनांच्या, गवळी-धनगरांच्या देवात शोधलं. ग्युंथर सोन्थायमर या जर्मन अभ्यासकाने बिरोबा, म्हसकोबा आणि खंडोबा यांच्या वाटा दख्खनच्या चराऊ माळांवरून जाताना दाखवल्या. म्हणजे महाराष्ट्राचा लाडका देव गवताळ माळाचा रहिवासी असण्याची दाट शक्यता आहे. आषाढी पौर्णिमेला वारीची सांगता गोपाळपुरात गोपाळकाल्याने होते. काल्यात गुराख्यांच्या शिदोऱ्या एकत्र कालवतात. कुणाची भाकरी कुठली हे ओळखू येऊ नये, हाच त्यातला मुद्दा. इतकं असून सरकारी कागदांवर माळरान पडीक ठरतं. मग तिथे चर खणून रोपं लावली जातात, धनगराची मेंढरं हुसकली जातात आणि त्याला निसर्गरक्षण म्हटलं जातं. माळरानाला मोजकी, फिरती चराई मानवते. पाऊस सरल्यावर आलेला, चार दिवस बसून पुढे गेलेला कळप लेंडीखत देऊन जातो. शेतकरी धान्य देऊन मेंढ्या शेतात बसवून घेत, ती रीत अजून पुरती मोडलेली नाही. नुकसान होतं ते बारमाही, एकाच जागी, बेहिशेबी चराईने. बंदीचा नियम या दोन्हींत फरक करत नसेल तर तो आळशी नियम आहे.

मग जनावर गोठ्यातच बांधलं तर सगळं सुटलं का?

गोरक्षणाचा प्रश्न अर्थशास्त्रातून सोडवा, असं गांधीजी वारंवार सांगत. वर्ध्याला 1941 साली गोसेवा संघ निघाला तो जमनालाल बजाजांच्या पुढाकाराने. गांधीजींबरोबर 1946 मध्ये उरुळीकांचनला आलेल्या मणिभाई देसाईंनी तिथेच पाय रोवले आणि 1967 साली ‘बाएफ’ ही संस्था स्थापन केली. संकरित गायींचा कार्यक्रम तिने गावोगाव नेला. त्यामुळे कमी जनावरांत जास्त दूध निघू लागलं, आणि डोंगरावरचा भार कमी होण्याची वाट मोकळी झाली. पण संकरित गाय कुसळीवर जगत नाही. तिला गजराज गवत लागतं, मका, मुरघास, लसूणघास लागते. हे सगळं विहिरीच्या आणि बोअरच्या पाण्यावर येतं.

कोलोरॅडोतल्या ॲक्रन इथे ब्रिग्ज आणि शँट्झ या शास्त्रज्ञांनी शंभर वर्षांपूर्वी कुंड्यांत पिकं वाढवून त्यांनी हवेत सोडलेलं पाणी मोजलं होतं. एक किलो कोरडा चारा तयार करायला ज्वारी आणि मक्याला साडेतीनशे लिटरच्या आतबाहेर पाणी लागलं, लसूणघासेला आठशेच्या वर. हेच प्रमाण धरलं आणि गाय रोज दहा किलो कोरड्या वजनाइतका मका खाते असं मानलं, तर तिच्या पोटात चाऱ्यावाटे रोजचं साडेतीन हजार लिटर पाणी जातं. ती तोंडाने पिते ते शंभर लिटरच्याही आत. दुष्काळी तालुक्यातून दुधाचा टँकर शहराकडे निघतो तेव्हा त्याच्या कितीतरी पट भूजल त्या दुधापायी आधीच उपसलं गेलेलं असतं. हिरवी टेकडी आणि कोरडं बोअर एकाच गावात नांदू शकतात.

सगळा चारा सारखा नसतो, हे इथे ध्यानात घ्यावं लागतं. मालदांडी ज्वारीचा कडबा रब्बीत जमिनीत साठलेल्या ओलीवर येतो. त्यासाठी मोटर सुरू करावी लागत नाही. टेकडीवरचं गवत पावसावर येतं. शेवरी, सुबाभूळ बांधावर उभे राहतात आणि प्रथिनं पुरवतात. उसाचं वाढं फुकट मिळतं म्हणून घालणाऱ्याला त्यातल्या ऑक्झॅलेटमुळे जनावरातला कॅल्शियम कमी होण्याची किंमत मोजावी लागते. जाणता दूधउत्पादक या सगळ्याचा मेळ घालतो. हिवरे बाजारच्या ग्रामसभेत पावसाळ्यानंतर पाण्याचा ताळेबंद मांडला जातो, पिण्याचं पाणी आधी वेगळं काढलं जातं आणि उरलेल्यावर पिकं ठरतात. गोठा किती मोठा असावा हाही याच ताळेबंदातला प्रश्न आहे, गोठेवाल्याची खासगी बाब नव्हे.

हा हिशेब गावाच्या वेशीपाशीही थांबत नाही. न्यूयॉर्क शहराचं बरंचसं पाणी कॅटस्किल आणि डेलावेअर खोऱ्यांतून गाळणी प्रकल्पाशिवाय येतं. त्यातल्या कॅननसव्हिल जलाशयाच्या वरच्या अंगाला दूधउत्पादक आहेत. गायींना गरजेपेक्षा जास्त फॉस्फरस खाद्यातून जाई, तो शेणातून बाहेर पडे आणि पावसाबरोबर जलाशयात उतरे. शहरापुढे पर्याय होते: अब्जावधी डॉलरचा गाळणी प्रकल्प उभारणं किंवा वरच्या शेतकऱ्यांना मदत करणं. त्याने दुसरा निवडला. 1990च्या दशकापासून शहराच्या पैशातून ओढ्याकाठी कुंपणं घातली गेली, शेणखताचं नियोजन झालं; शेतावरचं चांगल्या प्रतीचं गवत जास्त आणि विकतचं खाद्य कमी, असा आहार बसवला गेला. फॉस्फरस घटला, खाद्याचं बिलही घटलं. खालच्याने वरच्याचं देणं कबूल केलं आणि रोख चुकतं केलं. पुण्याचं पाणी खडकवासला साखळीतल्या टेमघर, वरसगाव, पानशेतच्या डोंगरांवरून येतं. तिथल्या गुराख्याच्या नावाची ओळ पुण्याच्या पाणीपट्टीच्या बिलावर नाही.

हे देणं आपल्या जुन्या शास्त्रकारांना माहीत होतं. कौटिल्याने लागवडीलायक नसलेल्या जमिनीवर कुरणं राखायला सांगितलं आणि त्यांच्यावर विवीताध्यक्ष नावाचा अधिकारी नेमला. याज्ञवल्क्य स्मृतीत गाव आणि शेत यांच्यामधे शंभर धनुष्यं जागा सोडण्याचा नियम आहे, मोठ्या वस्तीला त्याहून जास्त. मनुस्मृती म्हणते की अशा राखीव जागेत कुणी कुंपणाशिवाय पीक केलं आणि गुरांनी ते खाल्लं, तर राजाने गुराख्याला दंड करू नये. मनुस्मृतीत टाकून देण्याजोगं पुष्कळ आहे. हा नियम मात्र आजच्या गायरानाच्या कायद्यापेक्षा स्पष्ट आहे. मनूच्या नियमात अतिक्रमण करणारा पिकाचा मालक तक्रारच करू शकत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने 28 जानेवारी 2011 रोजी जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात गावच्या सामायिक जमिनींवरची बेकायदा अतिक्रमणं काढण्याचे आदेश सगळ्या राज्यांना दिले. भूमिहीन आणि दुर्बळ घटकांना रीतसर दिलेल्या जमिनी त्यातून वगळल्या. म्हणून ज्यांच्या गावात गायरान आहे त्यांनी येत्या दिवाळीआधी तलाठ्याकडून त्याचा सातबारा काढावा. नोंदलेलं क्षेत्र किती आणि प्रत्यक्ष मोकळं किती हे एकदा चालत जाऊन पाहावं. गावात दुभती जनावरं किती, शेळ्या-मेंढ्या किती आणि त्या कुणाच्या, बाहेरून विकतची वैरण किती येते, गवत कोण कापतं आणि बंदी घातली तर कुणाचं काय जाईल, हेही लिहून काढावं. ही यादी ग्रामसभेत वाचून दाखवायला कुठल्याही योजनेची मंजुरी लागत नाही.